जिंकलो, हरलो : अकोट ते कोल्हापूर

खेळाचा प्रेक्षक आणि त्याच खेळाचा निष्ठावंत चाहता यांच्यातला भेद मराठीत एका क्रियापदावरून ओळखता येतो. सामना संपल्यावर प्रेक्षक 'ते जिंकले' किंवा 'ते हरले' असे म्हणतो, तर चाहता 'जिंकलो' किंवा 'हरलो' असे म्हणतो आणि मैदानावर पाऊलही न ठेवता अकरा खेळाडूंच्या कर्तृत्वात व अपयशात स्वतःला सामील करून घेतो. हे रूप व्याकरणाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे, कारण पुरुषाच्या तोंडी ते एकवचनी असते तसेच अनेकवचनीही असते. त्यामागचा अध्याहृत, म्हणजे न उच्चारलेला, कर्ता 'मी' आहे, ऐकणाऱ्याला वगळणारा 'आम्ही' आहे की त्यालाही कवेत घेणारा 'आपण' आहे, हे संदर्भावाचून कळत नाही. फुटबॉलच्या चाहत्याच्या सुखदुःखाचा शोध घेणे म्हणजे पुष्कळ अंशी या अध्याहृत कर्त्याचा शोध घेणे होय, आणि त्या शोधासाठी अकोट ते कोल्हापूर हा वऱ्हाडातून निघून राज्याच्या दक्षिण टोकाला पोहोचणारा रेल्वेप्रवास विशेष उपयोगी पडतो.

अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अकोट हे तालुक्याचे गाव कापसाच्या बाजारासाठी, नरसिंग महाराजांच्या मंदिरासाठी आणि तालुक्याच्या डोंगराळ भागातील नरनाळा किल्ल्यासाठी ओळखले जाते. भोवतालच्या शिवारात कापसाबरोबर केळी, संत्री आणि पानपिंपरी, म्हणजे औषधात वापरली जाणारी वेलवर्गीय पिंपळी, अशी पिके दिसतात. वऱ्हाडाला व्यायामाची परंपरा मोठी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत असून त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. मात्र या परंपरेचा भर कुस्ती, मल्लखांब, कबड्डी, खो-खो यांवर राहिला आणि पुढे क्रिकेटने मैदाने व्यापली. ज्याच्या जयपराजयाने अख्खे गाव हलेल असा फुटबॉल संघ अकोटजवळ नाही, आणि म्हणूनच अकोटचा फुटबॉलवेडा तरुण आपली निष्ठा हजारो किलोमीटर दूरच्या एखाद्या संघाच्या पायाशी वाहतो.

ही निष्ठा रात्रीची असते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील शनिवारी दुपारी तीन वाजताचा सामना भारतात उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजता सुरू होतो, त्यामुळे तो जेवणाच्या वेळेत तरी बसतो. युरोपातील सर्वोत्तम क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने मात्र भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीनंतर साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतात, म्हणजे ते संपेपर्यंत कापसाच्या गाड्या बाजाराकडे निघायची वेळ जवळ आलेली असते. घर निजलेले असते, वडीलधाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद ठेवलेला असतो, आणि पडद्यावर सत्तर हजार माणसे एकाच क्षणी उभी राहत असताना अकोटच्या चाहत्याला आपला आनंद उशीत तोंड खुपसून साजरा करावा लागतो. पराभव झाला तर स्थिती अधिक बिकट होते, कारण सकाळी उठलेल्या घराला रात्री काही घडले आहे याची जाणीवच नसते. सुतक पाळायचे, पण कोणाचे, हे कोणाला सांगता येत नाही. या रात्री उच्चारल्या जाणाऱ्या 'जिंकलो' आणि 'हरलो' या शब्दांचा कर्ता व्याकरणाने अनेकवचनी ठरू शकत असला, तरी खोलीत माणूस एकच असतो.

या एकाकी निष्ठेलाही चढउतारांची पूर्ण उंची आणि पूर्ण खोली असते, हे २०२२ च्या विश्वचषकावरून दिसून येते. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी, सलग ३६ सामने अपराजित राहिलेल्या अर्जेंटिनाला सौदी अरेबियाने २-१ असे हरवले, तेव्हा लिओनेल मेस्सीचा हा शेवटचा विश्वचषक ठरणार असे मानून बसलेल्या त्याच्या भारतातील असंख्य चाहत्यांवर अवकळा पसरली. त्यानंतर २६ दिवसांनी, १८ डिसेंबरच्या रविवारी, भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला सुरू झालेल्या अंतिम सामन्यात त्याच संघाने फ्रान्सविरुद्ध २-० अशी आघाडी घेतली, किलियन एम्बापेच्या दोन मिनिटांतील दोन गोलांनी ती गमावली, जादा वेळेत पुन्हा मिळवली आणि पुन्हा गमावली. ३-३ अशा बरोबरीनंतर निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला. पेनल्टी शूटआउट म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी दोन्ही संघांनी आळीपाळीने, केवळ गोलरक्षक समोर असताना, बारा यार्डांवरून मारायचे फटके. त्यात अर्जेंटिना ४-२ ने सरस ठरला. तीन तासांहून कमी वेळात माणसाचे मन इतक्या वेळा शिखरावर चढून दरीत कोसळते अशा घटना सामान्य आयुष्यात फार थोड्या असतात, आणि जो चाहता २२ नोव्हेंबरला रडला होता त्याच्याच वाट्याला १८ डिसेंबरचा आनंद पुरता आला.

त्याच नोव्हेंबर महिन्यात अकोटच्या स्थानकात पुष्कळ वर्षांनी गाडी आली. दक्षिणेला मध्य भारतातून राजस्थानशी जोडणाऱ्या जुन्या मीटरगेज मार्गाचा, म्हणजे रुळांमधील अंतर एक मीटर असलेल्या मार्गाचा, अकोला-खंडवा हा टप्पा रुंदीकरणासाठी २०१७ च्या आरंभी बंद झाला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोट-अकोला हा सुमारे ४४ किलोमीटरचा भाग ब्रॉडगेज होऊन खुला झाला, तर अकोटच्या पुढचे काम मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या जुन्या मार्गाच्या वादामुळे रेंगाळले. प्रस्तुत प्रवास येथूनच सुरू होतो.

अकोट सोडल्यावर गाडी पाटसूल, गांधी स्मारक रोड आणि उगवे ही स्थानके घेत दक्षिणेकडे जाते. सातपुड्याची निळी रेघ मागे सरत जाते आणि दोन्ही बाजूंना पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पसरतो. भूजल खारे असल्यामुळे विहिरीचे पाणी पिण्याला वा शेतीला फारसे उपयोगी पडत नाही अशा पट्ट्याला वऱ्हाडात हे नाव आहे. पाण्याची इतकी आच असलेल्या या प्रदेशात पाणी खांद्यावरून वाहून नेण्याचा एक मोठा सोहळा दरवर्षी होतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. श्रावणातील शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या तरुणांची शेकडो मंडळे पूर्णेकाठच्या गांधीग्रामहून नदीचे पाणी कावडीत भरून घेतात आणि रात्रभर अनवाणी चालत अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिरात शिवाला जलाभिषेक करतात. कावड म्हणजे आडव्या दांड्याच्या दोन टोकांना पाण्याची भांडी बांधून ती खांद्यावर पेलण्याची रचना होय. मंडळांच्या कावडी याहून कितीतरी मोठ्या असतात, त्यांवर पाण्याच्या भांड्यांची संख्या वर्षानुवर्षे वाढत गेली आहे आणि त्या पेलायला अनेक खांदे लागतात, परंतु तत्त्व तेच राहते. दोन्ही बाजूंचा भार सारखा असेल तरच कावड चालते, आणि एक बाजू रिकामी ठेवून ती हलकी करू पाहणाऱ्याच्या खांद्यावरून ती घसरते.

कावडयात्रा हे ईश्वराचे व्रत आहे आणि फुटबॉल हा खेळ आहे, हा भेद विसरता येत नाही. तरीही मंडळाचे नाव, त्याचा झेंडा, आपल्या भागाची कावड दुसऱ्यापेक्षा देखणी असावी ही आस, थकलेल्या खांद्याखाली आपणहून सरकणारा दुसऱ्याचा खांदा आणि पहाटे एकाच आवाजात उठणारा गजर यांतून जी सामूहिकता प्रकट होते, तिची भूक फुटबॉलच्या चाहत्यालाही असते. वऱ्हाडच्या मातीत ही सामूहिकता मुबलक आहे, मात्र फुटबॉलच्या बाबतीत तिला एकत्र येण्याची जागा मिळालेली नाही. अकोटच्या चाहत्याला जी उणीव रात्री जाणवते ती हीच होय.

अकोला जंक्शनवर फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशापुढे फुटबॉलच्या दोन दिशा उघडतात. पूर्वेकडे जाणारी गाडी बडनेरा, वर्धा मागे टाकून नागपूरला पोहोचते. त्याच्या शेजारच्या कामठीत, १८२१ मध्ये वसलेल्या लष्करी छावणीच्या सान्निध्यात, फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे आणि रब्बानी क्लबसारख्या संघांनी त्या गावाचे नाव विदर्भाबाहेर नेले आहे. नागपुरातच क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये, पावसात फुटक्या बादलीला लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहून, त्यांच्यासाठी फुटबॉलचा उपक्रम सुरू केला. तो 'स्लम सॉकर' या नावाने वाढला आणि त्यावरून प्रेरणा घेऊन नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ मध्ये आला.

हाच लोहमार्ग पुढे हावड्याला, म्हणजे कोलकात्याला जातो, आणि भारतीय चाहत्याच्या भावविश्वाची सर्वांत उंच व सर्वांत खोल टोके तिथेच सापडतात. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने, बहुतांश खेळाडू अनवाणी असताना, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ असे हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, तेव्हा त्या विजयाने पारतंत्र्यातील लोकांना जो आत्मविश्वास दिला तो कोणत्याही सभेने दिला नसता. याच शहरात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील 'डर्बी', म्हणजे एकाच गावातील दोन प्रतिस्पर्ध्यांचा सामना, पाहायला १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाहून अधिक लोक जमले होते. परंतु याच डर्बीच्या इतिहासात ३० सप्टेंबर १९७५ हाही दिवस आहे. त्या दिवशी शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान ०-५ असा हरला आणि ते दुःख असह्य होऊन एका तरुण चाहत्याने आपले जीवन संपवले. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात उसळलेल्या हाणामारीत व चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ बंगालमध्ये तो दिवस 'फुटबॉलप्रेमी दिन' म्हणून पाळला जातो. निष्ठेचे गुणगान करताना हे मृत्यू बाजूला ठेवणे अप्रामाणिक ठरेल. ज्या प्रेमाला सीमा राहत नाही ते प्रेम करणाऱ्याच्याच जिवावर उठू शकते, आणि खेळ हा जगण्याला जोर देण्यासाठी असतो, जगण्याची जागा घेण्यासाठी नसतो, ही गोष्ट प्रत्येक चाहत्याने मनात पक्की ठेवली पाहिजे.

प्रस्तुत प्रवासाची दिशा मात्र पश्चिमेची आहे. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याच्या पूर्व टोकापासून दक्षिण टोकापर्यंत तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर कापते. साधारणपणे दुपार कलल्यावर अकोला सोडून ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास कोल्हापुरात पोहोचते. गाडी निघाल्यावर थोड्याच वेळात शेगाव येते आणि गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेल्या भाविकांनी डबा भरून जातो. पुढे मलकापूर, भुसावळ आणि जळगाव मागे पडत असताना अंधार दाटतो, आणि निष्ठेच्या मानसशास्त्राचा विचार करायला ही रात्र पुरेशी लांब असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला असेल तर सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात, आणि विजयाबद्दल बोलताना ते प्रथमपुरुषी, तर पराभवाबद्दल बोलताना तृतीयपुरुषी सर्वनाम वापरण्याकडे झुकतात. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात स्वतः उजळून निघण्याच्या या प्रवृत्तीला, तसेच पुढील अभ्यासकांनी नोंदवलेल्या तिच्या उलट प्रवृत्तीला, म्हणजे अपयशी संघापासून अंग झटकून घेण्याला, मानसशास्त्रात स्वतंत्र संज्ञा आहेत. मराठीत 'जिंकलो' आणि 'हरले' या दोन रूपांमध्ये हा सगळा सिद्धान्त सामावतो. विजयात 'जिंकलो' म्हणणारे पुष्कळ असतात. पराभवानंतरही 'हरले' असे न म्हणता 'हरलो' म्हणणारा तो निष्ठावंत, अशी त्याची व्याख्या करता येते.

ही निष्ठा शरीरावरही उमटते. १९९४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले, तेव्हा तो सामना दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या चाहत्यांच्या एका छोट्या गटाची तपासणी झाली होती. विजेत्यांच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी वाढलेली, तर पराभूतांच्या चाहत्यांमध्ये ती घटलेली आढळली. २००६ मध्ये जर्मनीत विश्वचषक चालू असताना म्युनिक परिसरात केलेल्या पाहणीत, जर्मन संघाचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या अडीच पटींहून अधिक असल्याचे दिसले. ससेक्स विद्यापीठातील डॉल्टन आणि मॅकेरन या अभ्यासकांनी २०१८ मध्ये ब्रिटिश चाहत्यांच्या मोबाइलवरील नोंदींच्या आधारे असा निष्कर्ष काढला, की सामन्यानंतरच्या तासात पराभवाने होणारे दुःख विजयाने होणाऱ्या आनंदाच्या जवळपास दुप्पट असते.

केवळ जमाखर्च मांडला तर चाहता होणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार ठरतो, आणि तरीही माणसे तो आयुष्यभर करत राहतात. याचे एक कारण फुटबॉलच्या घडणीत आहे. नव्वद मिनिटांत मोजकेच गोल होत असल्यामुळे या खेळातील बहुतेक काळ प्रतीक्षेत जातो आणि दुबळ्या संघालाही शेवटच्या मिनिटापर्यंत आशा ठेवता येते. दुसरे कारण असे, की जमाखर्च मांडणारा हिशेब एका माणसाच्या वहीत केला जातो, तर चाहत्याचा व्यवहार मुळात एकट्याचा नसतो.

मनमाडला मार्ग फुटतो. एक फाटा नाशिकवरून मुंबईकडे जातो आणि दुसरा अहिल्यानगर, दौंडवरून पुण्याकडे वळतो. मुंबईच्या फाट्यावर, अंधेरीतील मुंबई फुटबॉल अरेनामध्ये, १ जून २०१८ रोजी भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने त्या सामन्यात तीन गोल केले आणि ते पाहायला अवघे २,५६९ प्रेक्षक होते. त्यानंतर छेत्रीने चित्रफितीद्वारे देशवासीयांना मैदानावर येण्याची विनंती केली. आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण या, असा तिचा आशय होता. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्यात, जो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, तेच मैदान भरून गेले आणि भारत ३-० असा जिंकला. प्रेक्षकावाचून खेळाडूही एकाकी असतो आणि मोठा विजयही त्याला अपुरा वाटतो, हे या घटनेने उघड केले. त्याच छेत्रीचा निरोपाचा म्हणून जाहीर झालेला आंतरराष्ट्रीय सामना ६ जून २०२४ रोजी सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध ०-० असा बरोबरीत सुटला. निरोप गोलाविनाच झाला, परंतु तो भरलेल्या स्टेडियममध्ये झाला आणि त्याच्या अश्रूंसोबत तिथे हजारो डोळे ओले होते.

साताऱ्याच्या आसपास उजाडते, कराड, सांगली, मिरज ही स्थानके येऊन जातात आणि गाडी छत्रपती शाहू महाराज टर्मिनस येथे थांबते. कोल्हापुरात फुटबॉल समजून घ्यायचा तर तालीम आणि पेठ हे दोन शब्द आधी समजून घ्यावे लागतात. तालीम म्हणजे मल्लांची व्यायामशाळा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या आश्रयामुळे आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या खासबाग मैदानामुळे या शहरात तालमींचे जाळे घट्ट विणले गेले. पेठ म्हणजे जुन्या शहराचा विभाग, आणि पेठेतील तालीम ही व्यायाम, गणेशोत्सव, अडीअडचणीतील मदत व तरुणांची बैठक यांचे एकत्रित केंद्र असते. याच तालमींनी फुटबॉल आपलासा केला, आणि त्यामुळे येथील संघांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी आहेत. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, जिला सर्वजण 'केएसए' म्हणतात, राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक लीग भरवते. हिवाळ्यात सुरू होणारा हंगाम महापौर चषकासारख्या स्पर्धांसह पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो.

सामन्याच्या दिवशी दुपारपासूनच पेठांतून स्टेडियमकडे माणसांचे लोंढे निघतात. पायऱ्यांवर कोण कुठे बसणार हे पिढ्यांनी ठरवून ठेवलेले असते. आजोबा ज्या बाजूला बसत त्याच बाजूला नातू बसतो, हलगी कडाडते, झेंडे फडकतात, आणि मैदानावर चेंडूमागे धावणारा मुलगा सकाळी पेठेत दूध आणताना दिसलेला असतो. आता संघांमध्ये बाहेरगावचे आणि आफ्रिकी देशांतील खेळाडूही दिसतात, परंतु पेठेचा अंगरखा अंगावर चढला की तेही हंगामापुरते पेठेचे होतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातील चुरशीला येथे 'ईर्षा' हा शब्द वापरतात. प्रमाण मराठीत या शब्दाला मत्सराचा वास असला, तरी कोल्हापुरी बोलीत तो जिद्द, अस्मिता आणि समोरच्याला ओळखून असण्याची जवळीक एकाच वेळी सांगतो. या वेडासाठी 'नाद' हाही शब्द आहे, आणि तो वऱ्हाडातही तितकाच जिवंत आहे. त्याचे ध्वनी आणि छंद हे दोन्ही अर्थ स्टेडियममध्ये एक होतात, कारण छंद जडलेल्या हजारो माणसांचा तिथे खरोखरच एक ध्वनी होतो.

गोल होतो त्या क्षणी जे घडते त्याला प्रयोगशाळेतील कोणतेही माप पुरे पडत नाही. अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडतात, म्हातारे हात आकाशाकडे जातात, गुलाल उधळला जातो आणि 'जिंकलो' या क्रियापदाचा कर्ता निःसंदिग्धपणे 'आपण' होतो. पराभवाचे मूल्यही येथेच कळते. हरलेल्या पेठेतील माणसे मान खाली घालून घराकडे निघतात, पण ती घोळक्याने निघतात, वाटेत त्या चुकलेल्या पेनल्टीची चिरफाड करतात, चौकात थांबून चहा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात समोरच्या पेठेतील मित्राचे चिडवणे सहन करतात. दुःख मापाने कमी झालेले नसते, मात्र ते वाटून घेतलेले असते, आणि चिडवणाऱ्याचे असणे हाही एक आधारच असतो.

या ईर्षेची काळी बाजूही कोल्हापूरने पाहिली आहे. सामन्यांनंतरची हुल्लडबाजी, दगडफेक, हाणामारी यांमुळे पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला आहे, आणि त्याची झळ सर्वांत जास्त बसते ती मुलाबाळांसह खेळ पाहायला येणाऱ्या कुटुंबांना. ज्या पेठेने खेळाडू घडवला तिनेच प्रतिस्पर्ध्याला शत्रू मानले तर 'आपण' या शब्दाचे कुंपण होते आणि ईडन गार्डन्सची वाट फार दूर राहत नाही. याउलट पेठेचा अभिमान रुंद होत गेला की काय घडते याचेही उदाहरण येथेच आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघात होता, आणि त्या वेळी सर्व पेठांचा संघ एकच होता. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने डोक्याने मारलेला चेंडू जाळ्यात गेला, तो फिफाच्या विश्वचषकातील भारताचा पहिला गोल होता. त्या आनंदाची लाट ओसरण्यापूर्वीच, जेमतेम मिनिटभरात, कोलंबियाने दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा हरला. भारतीय फुटबॉलवर प्रेम करणाऱ्याचे अवघे आयुष्य त्या एका मिनिटात पाहायला मिळाले, आणि ते मिनिट ज्यांनी अनुभवले त्यांपैकी कोणी ते आपल्या आठवणीतून पुसून टाकायला तयार होणार नाही.

परतीची गाडी कोल्हापुराहून निघते, रात्र ओलांडून वऱ्हाडात शिरते, आणि अकोल्याला उतरलेला प्रवासी पुन्हा अकोटच्या गाडीत बसतो. गांधी स्मारक रोडजवळ पूर्णेचे खोरे येते, तेव्हा कावडीचा अर्थ नव्याने उमगतो. चाहत्याच्या खांद्यावरील दांड्याला विजयाचे एक आणि पराभवाचे एक अशी दोन भांडी बांधलेली असतात, आणि पराभवाचे भांडे सोडून देऊन केवळ विजय वाहू पाहणाऱ्याला तोलच सापडत नाही. २२ नोव्हेंबर नाकारणाऱ्याला १८ डिसेंबर मिळत नाही. मात्र हा भार वाहायला साथीचे खांदे लागतात, आणि ते कोल्हापूरला तालमींनी दिले तसे अकोटला कोणीतरी द्यावे लागतील. त्यासाठी मोठ्या स्टेडियमची गरज नाही. शाळेच्या मैदानावर दोन खांब उभारून संध्याकाळी खेळणारी मुले, त्यांचा एक संघ, त्या संघाला गावाचे नाव आणि कडेला उभी राहणारी पन्नास माणसे एवढे पुरेसे आहे, कारण कोल्हापुरातील पेठांची सुरुवातही कुठल्यातरी मोकळ्या जागेतील चेंडूनेच झालेली असणार.

तोपर्यंत अकोटमधील जागरणे चालूच राहतील. गाडी स्थानकात थांबते, सातपुड्यावर संध्याकाळ उतरलेली असते, आणि कुठल्यातरी घरात आज रात्री दीड वाजताच्या सामन्यासाठी घड्याळाचा गजर लावला जात असतो. पहाटे सामना संपेल, निकाल काहीही लागेल, आणि निजलेल्या घरात कोणीतरी पुटपुटेल, 'हरलो' किंवा 'जिंकलो'. मनाच्या तळाशी तो शब्द एकवचनी नसतो. तो ऐकणारा दुसरा कोणी त्या खोलीत नाही, एवढेच त्याचे अपुरेपण आहे.